टक्के किती?

चाळीस विधानांचा एक तक्ता आहे. नजरेला नजर देत नाही. एकट्यानेच, तोच तो खेळ खेळत बसतो. आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही. तान्ह्या बाळासारखा चीत्कारतो. स्वतःबद्दल बोलताना ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतो. वस्तू हुंगून, चाटून बघतो. प्रत्येक विधानापुढे १ ते ५ आकडे असतात. ती गोष्ट क्वचित घडत असेल तर १, सदानकदा घडत असेल तर ५. शेवटी बेरीज मारायची. ७० च्या आत आली तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ असं या तक्त्याचं नाव. आपल्या देशात ऑटिझमचे ‘टक्के’ याच बेरजेवरून ठरतात, आणि केंद्र सरकारने २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याची रीतसर अधिसूचनाही काढली आहे.

आता हा तक्ता अडतीस वर्षांच्या एका बाईपुढे ठेवून बघू. ती मिरा रोडच्या शांतीनगरात राहते, अंधेरीतल्या एका कंपनीत हिशेब बघते. ही बाई लेखाच्या सोयीसाठी कल्पिलेली आहे. तिच्या वाटेवरची कार्यालयं, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत. बॅलन्सशीटमधला दीड रुपयाचा फरक ती उभ्याउभ्या हुडकून काढते. पण ऑफिसात कुणाचा वाढदिवस निघाला, केक आला, टाळ्या सुरू झाल्या की तिला बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं दार लावून बसावं लागतं. समोरच्याच्या भुवयांमध्ये बघायचं, म्हणजे त्याला वाटतं डोळ्यांत बघतेय, हे ती आठवीत असतानाच शिकली. ‘नजरेला नजर देत नाही’ या विधानापुढे तिला किती गुण द्यायचे?

शाळेने सांगितलं म्हणून सहा वर्षांच्या मुलाची तपासणी करून घेतली, तिथून तिची गोष्ट सुरू होते. मुलासाठी दिलेली प्रश्नावली ती भरत होती आणि तिसऱ्या पानावर तिचं पेन थांबलं. कपड्यांची लेबलं कापून टाकावी लागतात. वाटेतलं रोजचं दुकान बंद दिसलं तर दिवस बिनसतो. चेष्टा खरी वाटते. हे सगळं मुलाचं नव्हतं, तिचं होतं. प्रौढ वयात ऑटिझमचं निदान होणाऱ्यांतले बरेच जण असे आपल्या लेकरांच्या मागोमाग दवाखान्यात पोचतात. बाकीचे नैराश्याच्या नाहीतर चिंतेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन, नोकऱ्या बदलून, लग्नात चकमकी झडून मग केव्हातरी पोचतात. मुलींचं तर लहानपणी सुटूनच जातं. ‘लाजाळू आहे’, ‘अभ्यासू आहे’ एवढ्यावर आपल्याकडे मुलगी खपून जाते. एकटा बसणारा मुलगा निदान शिक्षकांच्या नजरेत तरी भरतो.

मराठीत या अवस्थेला ‘स्वमग्नता’ म्हणतात. सरकारी कागदांवरही हाच शब्द आहे. शब्द देखणा आहे, पण प्रौढ माणसाला तो नीट बसत नाही. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला बाहेरचा गोंगाट छळायला नको होता. इथे उलट होतं. ट्यूबलाइटची घरघर, शेजारच्याचं अत्तर, डब्यात एकाच वेळी वाजणारे चार मोबाइल, काहीच गाळलं जात नाही. म्हणून की काय, हल्ली दवाखान्यात आणि पालकांच्या बोलण्यातही ‘ऑटिझम’ हाच शब्द रुळला आहे.

निदान कोण करतं? मनोविकारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. प्रौढांचं निदान करणारे अजून थोडेच आहेत आणि ते बहुतेक मुंबई-पुण्यातच सापडतात. दोन-तीन बैठका होतात, प्रश्नावल्या होतात, शक्य असेल तर आईवडिलांशी बोलणं होतं, कारण लक्षणं बालपणापासून होती हे दिसावं लागतं. इथे पहिली ठेच लागते. आई गावी, सत्तरीच्या पुढे. तिला फोन लावला तर ती सांगते, ‘अगं, किती शहाणी होतीस तू. कुणाला त्रास नाही. एका कोपऱ्यात तासन्‌तास बटणं लावत बसायचीस.’ आईच्या लेखी हे कौतुक असतं. डॉक्टर ते वहीत टिपून घेतात.

मग हातात पाच-सहा पानांचा रिपोर्ट पडतो. बऱ्याच जणांना त्या दिवशी हलकं वाटतं. तीस-पस्तीस वर्षं ‘तिरसट’, ‘माणूसघाणी’, ‘अतिशहाणी’ ही विशेषणं ऐकून झालेली असतात. त्यांच्या जागी एक नाव येतं. पण आठवडाभराने प्रश्न येतो, पुढे काय? रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ‘समुपदेशन, ऑक्युपेशनल थेरपी सुचवली आहे’ अशा दोन ओळी असतात. त्या घेऊन माणूस चौकशीला निघतो, तर बहुतेक ठिकाणी पाटी लहान मुलांची. थेरपीच्या खोलीत झोका, रंगीत चेंडू आणि गुडघ्याएवढ्या खुर्च्या.

या टप्प्यावर एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. खाजगी डॉक्टरचा रिपोर्ट म्हणजे सरकारी दाखला नव्हे. रिपोर्ट सांगतो काय आहे. दाखला सांगतो किती आहे. सरकारी खिडकीवरचा पहिला प्रश्न ‘काय त्रास होतो’ हा नसतोच. ‘टक्के किती?’ हा असतो.

ऑटिझमच्या टक्क्यांना एवढं वजन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिलं. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वं होती आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमला प्रथम कायद्यात जागा दिली, पण नोकरीतल्या आरक्षणासारखे हक्क मिळायला २०१६ उजाडावं लागलं. नव्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात, आणि बहुतेक सवलती या रेषेच्या पलीकडे सुरू होतात.

आता तक्त्याकडे परत येऊ. बेरीज ७० झाली की ४० टक्के. ७१ ते ८८ ला ५० टक्के, ८९ ते १०५ ला ६०, असं चढत चढत १५८ च्या पुढे १००. म्हणजे गंमत अशी, की या मापात ऑटिझमचे वीस किंवा तीस टक्के नसतातच. एकतर चाळीस आणि वर, नाहीतर काहीच नाही. एकोणसत्तर गुणांचा माणूस दाखल्याच्या लेखी ठणठणीत.

आणि ते एकोणसत्तर कशाचे? किंचाळण्याचे, आदळआपटीचे, येऊ लागलेलं बोलणं हरपण्याचे. लहान मुलांना समोर ठेवून बांधलेल्या या मापाचा हेतू चांगला होता. परदेशी महागड्या चाचण्यांवाचून, कुठल्याही जिल्हा रुग्णालयात वापरता यावं असं काहीतरी हवं होतं, आणि लाखो कुटुंबांना त्याचा उपयोगही झाला. पण शांतीनगरच्या बाईने आदळआपट करणं दुसरीतच सोडलं. तिची आदळआपट आता आत चालते आणि रविवारी अंधार करून दिवसभर पडून राहिल्यावर ओसरते. तक्त्यात याला ओळ नाही. तक्ता भरणारा डॉक्टर विचारी असेल तर तो खोदून विचारतो, प्रौढांच्या जगातली उदाहरणं मागतो. गर्दी असेल तर तो वर बघतो, नीट साडी नेसलेली, वाक्यं पूर्ण करणारी बाई त्याला दिसते, आणि त्याचं पेन १ वर टेकतं.

म्हणून जाणकार पालक एक काम करायला सांगतात. दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे जाण्याआधी घटना लिहून काढायच्या. ‘गर्दीचा त्रास होतो’ असं नाही. अमुक महिन्यात विरार लोकलमध्ये दादरला चढले, बोरिवली येईपर्यंत शब्द फुटेना, उतरून बाकावर पाऊण तास बसले, नवऱ्याला न्यायला यावं लागलं. असं. सोबत घरातलं कुणीतरी, जुनी प्रगतिपुस्तकं, आधीच्या उपचारांचे कागद. मुखवटा उतरवून ठेवा असंही सांगतात. सांगायला सोपं आहे. तीस वर्षांचा मुखवटा दाखला देणाऱ्या टेबलापुढेच नेमका जास्त घट्ट बसतो.

हे टेबल बहुतेकदा मिरा-भाईंदरमध्ये नसतं. २००२ साली महानगरपालिका झालेलं हे शहर, २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्येचं, जिल्ह्याच्या कामांसाठी ठाण्याशी बांधलेलं आहे. नुसत्या लोकलने ठाण्याला जायचं तर बहुधा दादरपर्यंत खाली उतरून मध्य रेल्वेने पुन्हा वर यायचं; पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे एकमेकींना भेटत नाहीत. रस्त्याने जायचं तर काशिमीरा, फाउंटन हॉटेलचा नाका, गायमुखचा घाट आणि पुढे सगळा घोडबंदर. सकाळी गायमुखला कंटेनर आडवा झाला की काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. ऑटिझम असलेल्या माणसासाठी हा प्रवास अंतराचा नसतो, अनिश्चिततेचा असतो. अकराला पोचू की एकला हे ठाऊक नसणं हाच त्याला निम्मा थकवतो. मग थकलेल्या अवस्थेत तपासणी.

अर्ज मात्र घरबसल्या करता येतो. ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर यूडीआयडीचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरायचा, आधार, फोटो, राहण्याचा पुरावा जोडायचा आणि बोलावणं येण्याची वाट बघायची. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आणि कार्डांना रंग मिळाले: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. बोर्डात मनोविकारतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट असावे लागतात. त्यामुळे कुठल्या वारी बोर्ड बसतो हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नये. निकाल पटला नाही तर कायद्यात अपिलाची सोय आहे. तिची आठवण खिडकीवर कुणी करून देत नाही.

कार्ड हाती आलं, चाळीसच्या वर, तर काय मिळतं? एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, पण त्यातला ऑटिझमच्या वाट्याचा १ टक्का बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून घ्यायचा. जुन्या करपद्धतीत आयकर भरणाऱ्याला ७५ हजारांची वजावट, ८० टक्के आणि त्यापुढे सव्वा लाखाची. ऑटिझमसाठी त्याचा वेगळा नमुना आहे, फॉर्म १०-आयए, आणि तो सीएलाही कधीकधी आपणच दाखवावा लागतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च देते. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही आणि थेरपीचा खर्चही तिच्यात येतो. पैशाला पैसा जोडणाऱ्या घरात ही योजना खरोखर कामाची आहे, आणि प्रौढांनी तिचं नाव क्वचितच ऐकलेलं असतं, कारण तीही मुलांच्या शाळांमधूनच पसरली.

संजय गांधी निराधार योजनेचं नावही या चौकशीत हमखास निघतं. दरमहा अनुदान देणारी ही राज्याची योजना, अर्ज तहसीलकडे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की अंधेरीला नोकरी करणाऱ्या बाईचा तिथे प्रश्नच येत नाही. पण नोकरी टिकली नाही, नवरा नाही, आईवडील थकलेले, अशांसाठी ते दार ठोठावण्यासारखं आहे. शिवाय राज्यातल्या महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. मिरा-भाईंदरचं पालिका मुख्यालय भाईंदर पश्चिमेला, इंदिरा गांधी भवनात. तिथे जाऊन या वर्षी त्या पाच टक्क्यांतून कोणत्या योजना चालू आहेत हे लेखी विचारता येतं. प्रौढ ऑटिझमसाठी काही मागायचं तर अंदाजपत्रक ठरण्याआधी मागायला हवं. आणि आजवर मागणारेच थोडे, म्हणून देणारेही गप्प. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते: दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि बहुविध. ऑटिझम असलेल्यांना ‘इतर’मध्ये नाहीतर भलत्याच रकान्यात जागा मिळाली. किती माणसांसाठी मागायचं, याला शहराकडे आकडाच नाही.

इथवरचं सगळं चाळीसच्या वरचं. एकोणसत्तर गुणवाल्यांचं काय?

त्यांच्यासाठी विकास कुमार नावाच्या एका उमेदवाराची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याला ऑटिझम नव्हता. लिहिताना त्याचा हात आखडत असे. यूपीएससीच्या परीक्षेला त्याने लेखनिक मागितला. आयोग म्हणाला, तुझं दिव्यांगत्व लक्षणीय नाही, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या रेषेत नाही, लेखनिक नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल लागला, आणि त्यात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आरक्षण चाळीस टक्क्यांनाच. पण ‘वाजवी सोय’ मागण्याचा हक्क त्या रेषेला बांधलेला नाही. दिव्यांग व्यक्तीची कायद्यातली व्याख्या टक्के मोजत नाही. दीर्घकाळची अडचण आणि भोवतालचे अडथळे मिळून त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता येतं की नाही, एवढंच ती बघते. सोय कोणती हे त्या त्या माणसाशी बोलून ठरवायचं, असंही निकालात आहे.

प्रौढपणी निदान झालेल्या नोकरदाराला या निकालाचा उपयोग अनुदानाहून जास्त. कारण त्याला बहुधा पैशांची मदत नको असते. नोकरी टिकवायची असते. आणि त्याच्या मागण्या बघितल्या तर हसू येईल इतक्या स्वस्त आहेत. एसीच्या खालची जागा बदलून द्या. कानावर आवाज रोखणारे हेडफोन चालतील का? मीटिंगला बोलावताना विषय आधी कळवा. काम तोंडी सांगू नका, मेल करा. दहाच्या ऐवजी साडेअकराला आले तर चालेल का? या शेवटच्या मागणीचा अर्थ भाईंदर स्टेशनात सकाळी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. विरारहून येणारी गाडी इथे भरूनच येते. दार अडवून उभे असलेले, आतून ‘पुढे चला’ म्हणून ओरडणारे, आणि फलाटावर गाडी थांबायच्या आधीच आत घुसणारे. जागा मिळावी म्हणून मिरा रोडची माणसं उलटी गाडी धरून भाईंदरला येतात आणि तीच भाईंदर लोकल परत निघाली की तिच्यात बसून जातात. शांतीनगरची बाई रोज हेच करते, निदानाच्या कितीतरी आधीपासून. जागेपेक्षा तिला खिडकी हवी असते, आणि एका बाजूला तरी माणूस नको असतो. ऑफिसात पोचेपर्यंत तिचा निम्मा दिवस खर्च झालेला असतो. दीड तास उशिरा निघाली तर तो वाचतो. कंपनीला यात एक रुपयाही घालावा लागत नाही.

सरकारी आस्थापनेला अशी सोय नाकारता येत नाही. खाजगी कंपनीत वीस किंवा जास्त माणसं असतील तर तिने दिव्यांगांसाठी ‘समान संधी धोरण’ जाहीर केलेलं असायला हवं. ते दाखवा, अशी मागणी करता येते. दाद मागायची तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्याला बसतात. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही केला. कायदा असा कागदावर भक्कम आहे. ऑफिसात कळलं तर बढती अडेल, ‘ती जरा तशीच आहे’ अशी कुजबुज होईल, ही भीती त्याहून भक्कम असते आणि ती निराधारही नाही. सांगायचं की नाही, कुणाला, किती, याचं उत्तर बाहेरच्याने देऊ नये. काही जण निदानाचं नाव न घेता फक्त सोय मागतात. ‘मला आवाजात आकडे चुकतात, कोपऱ्यातली जागा द्याल का’ एवढ्यावर भागलं तर भागलं.

एका खड्ड्याबद्दल मात्र सावध केलं पाहिजे. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात अठरा वर्षांपुढच्या ऑटिझम असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते. ज्यांना स्वतःचे व्यवहार अजिबात झेपत नाहीत त्यांच्यासाठी ती गरजेची आहे. पण दाखल्यावर ‘ऑटिझम’ दिसल्याबरोबर एखादा कारकून नोकरी करणाऱ्या, कर भरणाऱ्या प्रौढाकडेही ‘पालकांचं पत्र आणा’ म्हणू शकतो. तसं बंधन कायद्यात नाही. निदानाने सहीचा अधिकार जात नाही.

मागची पिढी निदानाच्या बाबतीत अडाणी होती, पण आधाराच्या बाबतीत तिने जे उभं केलं ते सरकारने नाही केलं. याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरला, १९९० मध्ये माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने ‘आधार’ उभी राहिली. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांच्या पालकांची ही संस्था. तिच्या मुळाशी एकच वाक्य होतं, जे अशा प्रत्येक घरात रात्री दिवे मालवल्यावर बोललं जातं: आपल्यानंतर याचं काय? पालकांनी एकत्र येऊन निवासी घर बांधलं, पुढे नाशिकलाही काम पोचलं. डोंबिवलीजवळ खोणीला अविनाश आणि नंदिनी बर्वे यांच्या पुढाकाराने अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ झालं. ऑटिझम असलेले पण बोलणारे, कमावणारे प्रौढ या घरांचे रहिवासी नव्हेत. त्यांना निवारा नको, समजून घेणारी माणसं हवीत. पण या घरांनी एक गोष्ट जिल्ह्याला दाखवली, की अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अडचण संपत नाही.

रोजगाराच्या बाजूने मुंबईतलं उदाहरण आहे ‘अर्पण’चं. सुषमा नगरकर आणि आशैता महाजन यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी जेवणाच्या डब्यांचं काम सुरू केलं आणि २०१८ मध्ये जुहूला ‘कॅफे अर्पण’ उघडलं. तिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक अडचणी असलेले प्रौढ ऑर्डर घेत, स्वयंपाकात हात लावत, पगार घेत. काम माणसाच्या मापाने कापलं जाई. ज्याला बोलणं जड जातं त्याच्या हाती चित्रांची यादी, ज्याला क्रम आवडतो त्याच्याकडे मांडणी. संगणकाच्या जगात हाच विचार डेन्मार्कच्या ‘स्पेशालिस्टर्ने’ या कंपनीने २००४ पासून केला. तिच्या मदतीने २०१३ मध्ये एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने जगभर ऑटिझम असलेल्यांना नोकऱ्या देण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची आधीची चाचणी भारतातल्या त्यांच्या कार्यालयात झालेली होती.

याच यश ट्रस्टचं नाव आणखी एका कारणाने घ्यायला हवं. ऑटिझम ‘बरा’ करतो म्हणून स्टेम सेलचे लाखो रुपयांचे उपचार विकणाऱ्यांविरुद्ध याचिका घेऊन हा ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ च्या डिसेंबरातच सांगितलं होतं, की ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर शिफारस करण्याजोगा नाही. तरी जाहिराती येतात. नुकतंच निदान झालेला प्रौढ आणि नुकतंच निदान झालेल्या मुलाचे आईबाप, दोघेही त्या दिवसांत काहीही विकत घ्यायला तयार असतात. ऑटिझमला औषध नाही. सोबतच्या चिंतेवर, नैराश्यावर, झोपेवर आहे, आणि ते घ्यायला लाजू नये. रात्री-अपरात्री अगदीच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

इंग्लंडचं नाव या चर्चेत नेहमी निघतं. तिथे २००९ मध्ये खास ऑटिझमसाठी कायदा झाला, प्रौढांसाठी राष्ट्रीय धोरण आखणं सरकारवर बंधनकारक झालं. तरी निदानासाठी तिथे लांबच लांब प्रतीक्षायादी असते, आणि निदानानंतर ‘पुढे काय’ हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडतो. फरक एवढाच की तिथे प्रश्न कुणाला विचारायचा हे ठरलेलं आहे.

इथे बहुतेकांना उत्तर एकमेकांकडूनच मिळतं. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचा जुना गट आहे. कुठला बोर्ड कधी बसतो, कुठला डॉक्टर प्रौढांना बघतो, हे ज्ञान अशा गटांत साठलेलं असतं. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. स्वतः ऑटिझम असलेले प्रौढ आता समाजमाध्यमांवर, उघड नावाने बोलू लागले आहेत. हे दहा वर्षांपूर्वी नव्हतं. मराठीत मात्र प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेलं अजून फार थोडं सापडतं. शांतीनगरच्या बाईने आपल्या आईला वाचून दाखवावं असं तिला काही मिळालं नाही.

शेवटी तिने ऑफिसला दिलेला अर्ज असा असू शकेल. ‘मला गोंगाट आणि अचानक होणारे बदल यांचा वैद्यकीय कारणाने त्रास होतो. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. कामाची वेळ साडेअकरा ते साडेसात अशी मिळावी. बसण्याची जागा स्टोअररूमशेजारच्या कोपऱ्यात मिळावी. कामाच्या सूचना लेखी मिळाव्यात. यामुळे कामात चूक होण्याचं प्रमाण कमी होईल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार विनंती.’ निदानाचा पूर्ण रिपोर्ट जोडायचा नाही. त्यात बालपण, लग्न, सगळंच असतं, आणि एचआरच्या कपाटाला कुलूप असेलच असं नाही. डॉक्टरांकडून ‘या व्यक्तीला या सोयींची गरज आहे’ एवढंच अर्ध्या पानाचं वेगळं पत्र घ्यायचं. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर तारखेसह पोच घ्यायची, आणि ती प्रत घरच्या फाइलमध्ये, मुलाच्या रिपोर्टच्या मागच्या कप्प्यात.